चक्कर मानेतून येते का?

महिनोन्‌महिने चक्कर येणारा माणूस कोल्हापुरात असो की गडहिंग्लजात, मानेचा एक्स-रे आणि गळ्यातला पट्टा त्याला सहसा चुकत नाही. ‘मणक्यात गॅप आहे, म्हणून गरगरतंय’ हे निदान तर शेजारीपाजारीही करून मोकळे होतात. पण साठीपुढच्या बहुतेकांच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसतेच, आणि त्यातल्या कितीतरी जणांना कधी भोवळही आलेली नसते. ‘मग मान दुखते ती का?’ असा प्रश्न येईल. चक्कर येईल या धास्तीने माणूस मान ताठ धरतो, म्हणूनही ती दुखते. जुन्या चक्करेचं निदान फोटोपेक्षा दोन प्रश्नांत जास्त सापडतं: चक्कर किती वेळ टिकते आणि काय केल्यावर येते?

कूस बदलली की खोली फिरते आणि मिनिटभरात थांबते, असं असेल तर संशय कानावर घ्यावा. अंतर्कर्णातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. 1952 साली डिक्स आणि हॉलपाइक यांनी वर्णन केलेल्या चाचणीत रुग्णाचं डोकं 45 अंश वळवून त्याला झटकन उताणं निजवतात. डोळे ठरावीक लयीत थरथरले की निदान झालं. मग एप्ली पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून कण मूळ जागी नेतात. यंत्र लागत नाही, लागतो एक पलंग आणि जाणता डॉक्टर. उठून उभं राहिल्यावरच अंधारी येत असेल, तर झोपून आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 ने उतरला, तर बीपीच्या गोळ्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात.

तिसरा प्रकार सगळ्यात दुर्लक्षित. मूळ आजार बरा होतो, पण तोल गेल्यासारखं वाटणं तीन महिन्यांहून जास्त टिकतं. उभं राहिल्यावर, महाद्वार रोडच्या गर्दीत ते बळावतं. तपासण्या नॉर्मल आल्या की घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ’. तसं नाही. चक्कर आणि तोलाच्या तज्ज्ञांच्या बारानी सोसायटीने 2017 साली या विकाराचे निकष ठरवून दिले. मेंदूने तोल सांभाळण्याची सावध पद्धत सोडलेली नसते, एवढंच. त्यावर तोलाचे व्यायाम, समुपदेशन आणि गरजेनुसार औषधं असा उपचार आहे. हाताच्या अंतरावर धरलेल्या अंगठ्यावर नजर खिळवून मान डावी-उजवीकडे फिरवणं, हा त्यातलाच एक व्यायाम.

‘पण गोळीने बरं वाटतं की!’ वाटतं, आणि तीव्र चक्करेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती घ्यावीही. मात्र प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन महिनोन्‌महिने चालू राहिलं, तर मेंदूचं जुळवून घेणं रेंगाळतं आणि वयस्करांत कंपवातासारखी लक्षणंही उद्भवू शकतात. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पुन्हा तीच पट्टी आणणं माझ्या मते गळ्यातल्या पट्ट्याहून घातक.

मात्र चक्करेबरोबर अचानक बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले किंवा आधाराशिवाय चालता येईना, तर गोळी शोधत बसू नका. थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाची किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा.