आधीं अंग तापवावें, मग ताणावें

छत्रपति शाहूमहाराजांनीं उभारलेलें खासबाग मैदान १९१२ सालीं पुरें झालें, त्या कोल्हापूरच्या तालमींतला मल्ल एकदम कुस्तीला भिडत नाहीं. तो फावड्यानें आखाड्याची तांबडी माती उकरतो, जोर-बैठका काढतो आणि घाम फुटल्यावरच जोडीदाराशीं झुंजतो. या रीतींत शहाणपण आहे. हालचालीनें स्नायूंचें रक्ताभिसरण वाढतें व ऊब आलेला स्नायु चपळाईनें काम करतो. उलट, व्यायामापूर्वीं तोच स्नायु मिनिटाहून अधिक वेळ ताणून धरला, तर त्याचें बळ कांहीं काळ किंचित् घटतें, असें प्रयोगांत आढळलें आहे.

म्हणून दिवसभर मेजाशीं बसणाऱ्यानें व्यायामाआधीं पांच-दहा मिनिटें भरभर चालावें, हातपाय फिरवावे. ताणून धरणें शेवटीं करावें. पोटरी, मांडी हलकेंच ताणून अर्धें मिनिट स्थिर ठेवावी. कळ येऊं देऊं नये, श्वास रोखूं नये. यानें दुसऱ्या दिवशींची अंगदुखी फारशी टळत नाहीं. मात्र नित्यनेमानें केल्यास सांधे मोकळे राहतात. उतारवयांत खालीं वांकून पायांतली वहाण घालतांना त्याचें मोल कळतें.