एका पत्र्याचे चार लाख! जुनी जपानी स्पोर्ट्स कार ओरिजनल पार्ट टाकून उभी करणं इतकं अवघड का असतं?

मार्च २०२१. निसान कंपनीने एक पत्रा विकायला काढला. गाडी नाही, इंजिन नाही, नुसता पत्रा. 'स्कायलाइन जीटी-आर' या जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या बाजूचा, डिकीच्या झाकणाखालचा. किंमत ५ लाख ९४ हजार येन. तेव्हाच्या हिशोबाने जवळपास चार लाख रुपये. त्या वर्षी आपल्याकडे तेवढ्यात शोरूममधून नवीकोरी अल्टो निघत होती.

बरं, हा पत्रा ज्या गाडीला बसतो ती गाडी बनायची १९९४ मध्येच थांबली.

मग एवढे पैसे मोजून तो पत्रा घेणार कोण? आणि पाव शतकापूर्वी बंद केलेल्या गाडीचा पार्ट कंपनीला पुन्हा बनवावा का लागला? उत्तर शोधायला गेलं की लक्षात येतं, जुनी गाडी रिस्टोअर करणं म्हणजे फक्त डेंटिंग-पेंटिंग नव्हे. खरी लढाई पार्टची असते.

आधी गाडी समजून घेऊ

'जीटी-आर' हे नाव निसानच्या स्कायलाइनला पहिल्यांदा लागलं १९६९ मध्ये. १९७३ नंतर ते गायब झालं. सोळा वर्षांनी, ऑगस्ट १९८९ मध्ये, ते परत आलं आणि त्या मॉडेलचा कोड होता आर३२.

ही गाडी रेस जिंकायची हे ठरवूनच बनवली होती. २.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला दोन टर्बो. चारही चाकांना ताकद, पण तीही कॉम्प्युटरच्या हिशोबाने. एरवी जोर मागच्या चाकांवर. ती घसरायला लागली की पुढच्या चाकांकडे ताकद जायची. कागदावर पॉवर २८० पीएस. कारण २८० च्या वर आकडा दाखवायचा नाही, असं जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं.

निकाल काय लागला? १९९० ते १९९३ या चार वर्षांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत आर३२ जीटी-आर २९ रेस पळाली आणि २९ जिंकली. ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची प्रसिद्ध शर्यत तिने १९९१ आणि १९९२ अशी दोनदा मारली. 'गॉडझिला' हे टोपणनाव तिला ऑस्ट्रेलियातूनच मिळालं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची या घराण्याशी ओळख झाली ती प्लेस्टेशनवरच्या 'ग्रॅन टुरिस्मो'मुळे, नाहीतर 'फास्ट अँड फ्युरियस'मुळे. '२ फास्ट २ फ्युरियस'मध्ये पॉल वॉकर जी चंदेरी-निळी स्कायलाइन पळवतो, ती आर३४. म्हणजे आर३२ ची नात.

ओरिजनल गाडीच दुर्मीळ कशी झाली?

आर३२ जीटी-आर सुमारे ४४ हजार बनल्या. आकडा लहान नाही. पण नव्वदच्या दशकात ही गाडी कोणी जपून ठेवायला घेत नव्हतं. ती घ्यायची ती पळवायला. मालकांनी सायलेन्सर बदलले, टर्बो बदलले, चाकं, सस्पेन्शन, स्टीअरिंग सगळं बदललं. काढलेले मूळ पार्ट गेले भंगारात. त्या वेळी ती सेकंडहँड गाडी होती, वारसा वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

शिवाय जपानमध्ये जुनी गाडी ठेवणं सोपं नाही. दर दोन वर्षांनी 'शाकेन' नावाची कडक तपासणी. आपल्या आरटीओ पासिंगसारखीच, पण बरीच खर्चिक. पेट्रोल गाडी १३ वर्षांची झाली की वाहन करही वाढतो. त्यामुळे अनेकांनी गाड्या काढूनच टाकल्या.

मग एका परदेशी नियमाने चित्र पालटलं. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत न बसणारी गाडी तिथे सहज आयात करता येत नाही. पण गाडी २५ वर्षांची झाली की या नियमांतून सूट मिळते. आर३२ ला ती सूट मिळायला लागली २०१४ मध्ये. पोस्टर आणि गेममध्ये ही गाडी पाहत वाढलेली अमेरिकन पिढी तोवर कमावती झाली होती. मागणी वाढली, किमती चढल्या आणि प्रत्येक खरेदीदार एकच प्रश्न विचारायला लागला: पार्ट ओरिजनल आहेत का?

जुनी आरएक्स १०० बघायला गेलेला आपल्याकडचा माणूस विचारतो, अगदी तोच प्रश्न.

कंपनी आहे ना? मग पार्ट का नाहीत?

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गाडीवर नाव एका कंपनीचं असलं तरी तिचे हजारो पार्ट बाहेरचे पुरवठादार बनवतात. रबर एकाकडचं, काच दुसऱ्याकडची, वायरिंग तिसऱ्याकडचं.

प्रत्येक प्लास्टिकच्या पार्टसाठी एक साचा लागतो. पत्र्याच्या पार्टसाठी प्रेसमध्ये बसणाऱ्या पोलादी डाय लागतात. त्या अवजड असतात, जागा अडवतात, गंजतात. गाडी बंद झाल्यावर काही वर्षं सुटे भाग बनतात, पुढे मागणी घटते आणि डाय मोडीत जातात. मधल्या काळात पुरवठादार धंदा बदलतो किंवा बंदच पडतो.

आता समजा, वर्षाला वीस जणांना एक पत्रा हवाय. त्यासाठी नवी डाय बनवायची तर तो खर्च वीस पत्र्यांवर वाटावा लागेल. गणित बसतच नाही. म्हणून एखादी गाडी कायमची उभी राहते ती इंजिन फुटल्यामुळेच असं नाही. दरवाजाचं रबर बीडिंग किंवा वायरिंगचा एक कनेक्टर मिळाला नाही, तरी ती उभी राहते.

'ओरिजनल'चे प्रकार किती?

ऐकायला शब्द एक असला तरी बाजारात त्याचे वेगवेगळे अर्थ आहेत.

• गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिला लागलेला पार्ट. रिस्टोरेशनवाल्यांसाठी सगळ्यात मोलाचा. शक्यतो तो बदलायचा नाही, दुरुस्त करायचा.

• त्याच काळात बनलेला, पण कधीच न वापरलेला, डब्यातला कंपनी पार्ट.

• दुसऱ्या जुन्या गाडीतून काढलेला पार्ट.

• कंपनीने आता नव्याने बनवलेला पार्ट.

• बाहेरच्या कंपनीने मूळ मापाबरहुकूम बनवलेला पार्ट. हा ओरिजनल नाही, पण कधीकधी एवढाच पर्याय हातात असतो.

यातला दुसरा प्रकार सगळ्यात भुरळ पाडणारा. तीस वर्षांपूर्वीचा सीलबंद डबा कोणाला नको? पण रबराला सील कळत नाही. ते डब्यातही म्हातारं होतं, कडक होतं, त्याला भेगा पडतात. मेटलचं ब्रॅकेट किंवा एम्ब्लेम जुन्या डब्यातलं चालेल. पण ब्रेकचा किंवा पेट्रोलचा होज पाइप जुन्या डब्यातला लावणं म्हणजे जीवाशी खेळ. तिथे नव्याने बनवलेला पार्टच हवा.

प्रत्यक्ष काम कसं चालतं?

आधी गाडीची कुंडली बघतात. चासी नंबर, इंजिनचा प्रकार, मूळ रंगाचा कोड. बॉनेटखाली लावलेल्या प्लेटवर हे सापडतं. आज लाल दिसणारी गाडी जन्मतः करडी होती, हे बऱ्याचदा तिथेच कळतं.

मग गाडी पूर्ण सोडवतात. प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, प्रत्येक टप्प्याचे फोटो. बाहेरून देखणी दिसणारी गाडी आतून कुठे सडली आहे, ते इथे उघडं पडतं. आर३२ मध्ये गंज शोधायच्या ठरलेल्या जागा आहेत: मागच्या चाकांवरची कमान, डिकीचा तळ, सस्पेन्शनचे टॉवर आणि दरवाजाखालची पट्टी. नुसती लांबी भरून वर रंग मारला तर गंज आतून खातच राहतो. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावाच लागतो. चार लाखांचा पत्रा इथे कामाला येतो.

त्यानंतर रंग, इंजिनचं काम, वायरिंग, रबर, आतली सजावट आणि शेवटी चाचणी. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. उशीर होतो तो बहुतेक वेळा एखाद्या पार्टची वाट बघण्यात.

मग कंपनीने मार्ग कसा काढला?

डिसेंबर २०१७ मध्ये निसानने आपल्याच निस्मो आणि ऑटेक या कंपन्यांसोबत 'निस्मो हेरिटेज' कार्यक्रम सुरू केला. बंद झालेले पार्ट पुन्हा बनवायचे, सुरुवात आर३२ पासून. पहिल्या यादीत काय होतं? वायरिंग, होज, एम्ब्लेम, बाहेरचे काही भाग. दिसायला किरकोळ, पण गाडी अडवून ठेवणारे. पुढे आर३३ आणि आर३४ चीही भर पडली.

पत्र्याचं कोडं मात्र बाकी होतं. डाय बनवणं परवडत नव्हतं, म्हणून निसानने डायच काढून टाकली. पत्रा उभा पकडायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रोबो. दोघांच्या हातात हिऱ्याचा थर दिलेली हत्यारं. दोघे समोरासमोरून पत्रा थोडा-थोडा दाबत जातात आणि हळूहळू त्याला आकार येतो. तांबट ठोके मारत भांडं घडवतो तसंच काहीसं. फरक एवढाच, की इथे ठोके नाहीत, अचूक दाब आहे. एका पत्र्याला वेळ जास्त लागतो, पण वीस पत्रे हवे असतील तर वीसच बनवता येतात. ते चार लाख या कारागिरीचे.

बाकीच्या कंपन्या काय करतायत?

होंडा तर १९९३ पासून आपल्या एनएसएक्स गाड्या कारखान्यात परत घेऊन ताज्या करून देतेय. टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्राचे पार्ट पुन्हा बनवायला घेतले. मग '२००० जीटी'चेही घेतले, जी साठच्या दशकात जेमतेम साडेतीनशे बनली होती.

माझदाने थोडा वेगळा रस्ता धरला. त्यांची छोटी उघड्या छताची रोडस्टर १९८९ ची. तिचं तत्त्व होतं 'जिनबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. रिस्टोरेशन सेवा सुरू करण्याआधी कंपनी मालकांशी बोलली, कोणते पार्ट हवेत ते विचारलं. कापडी छत पुन्हा बनवलं, लाकडी स्टीअरिंग आणि गिअर नॉब पुन्हा बनवले. इतकंच काय, ब्रिजस्टोनने त्या काळच्या नक्षीचा टायरही परत आणला. कारण टायर बदलला की गाडीची चालच बदलते. रोडस्टर परवडावी म्हणून जन्मली होती, तिच्या मालकांना कंपनीने दिलेली ही मोठी दाद होती.

सगळंच ओरिजनल ठेवायचं का?

इथे शौकिनांमध्ये भांडणं होतात, आणि ती रास्तच आहेत.

आर३२ च्या मूळ टर्बोमधलं टर्बाइन चाक सिरॅमिकचं होतं. हलकं, म्हणून चटकन फिरणारं. पण प्रेशर वाढवलं की ते फुटायचं. मग टर्बो मूळचाच ठेवायचा की पोलादी चाकाचा बसवायचा? मूळचा ठेवला तर गाडी खरी राहते, पण जपून चालवावी लागते. बदलला तर बिनधास्त पळवता येते, पण 'ओरिजनल' म्हणवत नाही.

काही ठिकाणी तर निवडच नसते. १९८९ च्या गाडीच्या एसीत आर-१२ वायू होता. ओझोन थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन बंद झालं. तिथे एसी नव्या वायूसाठी बदलून घ्यावाच लागतो.

म्हणून चांगले कारागीर एक साधा नियम पाळतात. जे पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल तेवढंच बदला आणि काढलेला पार्ट फेकू नका. ब्रेक, पेट्रोल आणि टायर या तीन ठिकाणी मात्र जुनेपणाचा हट्ट नको.

मग ती गाडी तीच राहते का?

पत्रा नवा, वायरिंग नवं, होज नवे, रंग नवा. मग जुनं उरलं काय?

हा प्रश्न गाड्यांच्या कितीतरी आधीचा आहे. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी उत्तर मिळतं ते असं, की हे सगळे भाग एकत्र जुळून आले की त्याला 'रथ' हे नाव मिळतं.

जीटी-आरच्या बाबतीत ते जुळवून आणण्याचं काम आज कोणीतरी मुद्दाम करतंय. मालक नोंदी ठेवतोय, कारागीर कापायच्या आधी तीनदा मोजतोय, आणि ज्या कंपनीने साचे मोडीत काढले तीच आता रोबो लावून पत्रा घडवतेय. बाकी बरंच बदललं तरी चासीवर ठोकलेला नंबर १९८९ चाच आहे. आणि किल्ली फिरवल्यावर तेच सहा सिलिंडर बोलतात.

चार लाख द्यायची तयारी लोकांची आहे ती त्याच आवाजासाठी.