पाणी उडाले की उडविले?

आषाढातील सकाळ आहे आणि कर्जत तालुक्यातील कडाव गावच्या रस्त्याने एक गृहस्थ शुभ्र कपडे सावरीत चालले आहेत, अशी कल्पना करावी. शेजारून मोटार जाते, खड्ड्यातील गढूळ पाणी उसळते आणि कपड्यांवर चिखलाचे ठिपके उमटतात. हा प्रसंग इंग्रजीत सांगावयास ‘स्प्लॅश’ हे एकच क्रियापद पुरते. मराठीत मात्र बोलणाऱ्यास क्षणभर थांबावे लागते. चिखल ‘उडाला’ म्हणावे, की ‘उडविला’ म्हणावे? पहिल्या शब्दाने तो अपघात ठरतो, दुसऱ्याने मोटार हाकणारा जबाबदार ठरतो.

या फरकाचे कारण त्या इंग्रजी शब्दाच्या जन्मात आहे. पाण्याच्या आवाजाचे अनुकरण करणाऱ्या ‘प्लॅश’ या जुन्या शब्दास आरंभी ‘स’ जोडून तो बनला व अठराव्या शतकापासून रूढ झाला. प्रवाही पदार्थ आवाज करीत थेंबाथेंबांनी उडणे, एवढाच त्याचा गाभा होय. कोणी उडविले व कशासाठी, हे संदर्भावरून ओळखावयाचे. मराठीतही ‘पचकन’, ‘डुबकन’ असे ध्वनिवाचक शब्द विपुल आहेत. परंतु ते बहुधा क्रियाविशेषणे म्हणून येतात. क्रियापद निवडावयाचे ते हेतू पाहून.

म्हणूनच एका ‘स्प्लॅश’साठी मराठीत अनेक शब्द लागतात. झोप घालविण्यासाठी तोंडावर पाण्याचा हबका मारतात. मुले ओढ्यात डुंबतात. चिखलणीच्या वेळी बैलांच्या पायांनी चिखल उडतो, आणि त्याबद्दल बैलास कोणी दोष देत नाही. तुळशीपुढे मात्र पाणी शिंपडतात. तेथे इंग्रजी मनुष्यही ‘स्प्लॅश’ न म्हणता ‘स्प्रिंकल’ म्हणेल.

लाक्षणिक अर्थांत गंमत अधिक आहे. ‘स्प्लॅश आउट’ म्हणजे सढळ हाताने खर्च करणे. येथे मराठीही नेमके ‘पैसे उडविणे’च म्हणते. वर्तमानपत्राने बातमी ‘स्प्लॅश’ केली, म्हणजे ती ठळकपणे छापली. २४ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान पॅसिफिक महासागरात उतरले, त्या क्रियेस ‘स्प्लॅशडाउन’ म्हणतात. उलट, कोणाच्या चारित्र्यावर ‘शिंतोडे उडविणे’ हा प्रयोग इंग्रजीत ‘स्प्लॅश’ने साधत नाही.

मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द शोधणे पुष्कळ सुकर झाले आहे. परंतु योग्य प्रतिशब्दाची निवड भाषांतरकारासच करावी लागते. घरी वाचावयाच्या गोष्टीत ती चुकली तर फारसे बिघडत नाही. साक्षीदाराच्या जबानीत ‘उडाला’च्या जागी ‘उडविला’ पडले, तर मूळ वाक्यात नसलेला आरोप मनुष्याच्या माथी बसतो. अशा वेळी ‘मोटारीमुळे चिखल उडाला’ असे लिहावे. त्यात कारण सांगितले जाते, आणि दोष कोणाचा हे ठरविण्याचे काम ज्याचे त्याच्याकडे राहते.