आजोबांची आठवण व शाळेचा दाखला

नवीन जालन्यांतील नव्वदीच्या घरांतल्या एखाद्या आजोबांस "आपणांस शाळेंत केव्हां घातलें?" असें विचारल्यास, "पोलीस ॲक्शनच्या आधीं" असें उत्तर येतें. तें खरें मानावें काय? आमच्या मतें, बहुतांशीं होय. १९४८ सालीं निजामी राजवट गेली, १९७२ सालीं दुष्काळ पडला. अशा खुंट्यांस शाळा, पहिली नोकरी, बदली हीं टांगलेलीं असतात, व मागचें-पुढें सहसा चुकत नाहीं. निजामी दाखल्यावर फसली सन असल्यास त्यांत सुमारें ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो.

गुणांविषयीं मात्र सावध असावें. अमेरिकेंत हॅरी बाहरिक प्रभृतींनीं ९९ कॉलेज विद्यार्थ्यांस हायस्कुलांतील श्रेणी विचारून त्या कागदांशीं ताडून पाहिल्या व १९९६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. सर्वोच्च श्रेणी शेंकडा ८९ बरोबर आठवल्या. 'ड' श्रेणी अवघ्या २९! चुका बहुतेक आपल्याच फायद्याच्या. आणि हे तर तरुण!

तथापि कागदही निर्दोष नव्हे. प्रवेशाच्या दिवशीं गुरुजींनीं अंदाजानें १ जून ही जन्मतारीख घातलेलीं मुलें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. पुढें त्याच तारखेच्या हिशेबानें त्यांस नोकरींतून निवृत्त व्हावें लागलें. अशा ठिकाणीं "पोळ्याच्या आदल्या दिवशीं झालास" हा आईचा शब्दच आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतो.