विसर्ग की कोलन? संदर्भसूचीतील मोकळ्या जागेचा प्रश्न

प्रबंधाचे लेखन संपते, मार्गदर्शकांची संमती मिळते आणि मग उरते ती संदर्भसूची. पूर्वी ती हाताने तयार करण्यात आठवडे जात. आता संगणकावरील संदर्भ-व्यवस्थापन प्रणालीत पुस्तकांची नोंद एकदा केली, की हवी ती शैली निवडून दोन-तीनशे नोंदींची यादी क्षणार्धात तयार होते. मात्र ती छापून हातात आली, की मराठी संशोधकाच्या नजरेला काहीतरी खटकू लागते. प्रकाशनस्थळ म्हणून आलेल्या ‘पुणे’ या शब्दाला पुढचा कोलन इतका चिकटलेला असतो, की वाचणाऱ्याला तो विसर्गच वाटावा.

हा दोष टंकलेखनाचा नव्हे. अशा प्रणालीत पुस्तकाची माहिती सुटी सुटी साठवलेली असते. लेखकाचे नाव एका रकान्यात, शीर्षक दुसऱ्यात, ठिकाण आणि प्रकाशक आणखी वेगळ्या रकान्यांत. त्यांना जोडणारी विरामचिन्हे आणि त्या चिन्हांभोवतीची मोकळी जागा त्या माहितीत नसतेच. ती पुरवते निवडलेली शैली. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झालेली ‘झोटेरो’ ही मोफत प्रणाली त्यासाठी ‘सीएसएल’ या भाषेत लिहिलेल्या शैली वापरते. ‘ठिकाणानंतर कोलन, त्यानंतर एक स्पेस, मग प्रकाशक’ असा आदेश शैलीच्या फाइलीत असतो आणि यंत्र तो निमूटपणे पाळते. चिन्ह आधीच्या शब्दाला चिकटलेले आणि जागा फक्त नंतर, ही इंग्रजी छपाईची रीत आहे.

माहितीतले चिन्ह आणि शैलीतले चिन्ह समोरासमोर आले, की खरी पंचाईत होते. शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल आणि शैली पूर्णविराम मागत असेल, तर काय करायचे? ओरेन पाताश्निक यांनी १९८५ मध्ये तयार केलेल्या ‘बिबटेक’मध्ये यावर नियम आहे. शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह असेल, तर नवा पूर्णविराम द्यायचा नाही. नियम चोख, पण तो ही तीनच चिन्हे ओळखतो. प्रश्नचिन्हानंतर अवतरणचिन्ह आले, की तो बेधडक पूर्णविराम ठोकून देतो. आपला दंड तर त्याच्या गावीही नाही.

इंग्रजीची रीत सर्वांना मानवत नाही, हे फ्रेंचांनी फार आधी दाखवून दिले. फ्रान्सच्या छपाईत कोलन, अर्धविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांच्या आधीही जागा सोडतात. ही जागा साधी स्पेस असून चालत नाही, कारण ओळ तिथेच संपली तर चिन्ह एकटेच पुढच्या ओळीत जाऊन बसेल. म्हणून तिथे ‘न तुटणारी स्पेस’ वापरतात. पडद्यावर ती साध्या स्पेससारखीच दिसते. मात्र युनिकोडमध्ये तिला स्वतंत्र क्रमांक आहे. गंमत म्हणजे कॅनडातील क्वेबेक प्रांतात फ्रेंचच चालते, पण तिथे कोलनच्या आधी जागा सोडतात आणि प्रश्नचिन्हाच्या आधी नाही. त्यामुळे सीएसएलमध्ये फ्रान्सच्या आणि कॅनडाच्या फ्रेंचसाठी वेगवेगळे भाषा-संच ठेवावे लागले आहेत.

मराठीचे कारण फ्रेंचपेक्षा निराळे आणि अधिक सबळ आहे. फ्रेंचमध्ये ही जागा रूढीचा आणि डोळ्यांच्या सोयीचा भाग आहे. देवनागरीत ती अर्थाशी निगडित आहे. विरामचिन्हे मराठीत रुळली ती १९ व्या शतकात, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. इंग्रजीच्या वळणावर आलेल्या या चिन्हांपैकी कोलनचे रूप मात्र आपल्या विसर्गाशी जुळले. दोन टिंबे शब्दाला चिकटली तर विसर्ग, सुटी राहिली तर कोलन, एवढाच काय तो वाचकापुरता भेद. त्यामुळेच अनेक मराठी पुस्तकांच्या सूचीत ‘पुणे : ’ अशी आधीही जागा सोडलेली आढळते. तयार शैलींना हे कारण ठाऊक नसते.

याच गोंधळाची दुसरी बाजू अधिक महागात पडते. इनस्क्रिप्ट कळफलकावर विसर्ग शिफ्टसह वजाबाकीच्या चिन्हाच्या कळीवर आहे. तो सापडला नाही, की अनेकजण ‘दुःख’ लिहिताना मध्ये कोलन टाकून मोकळे होतात. कागदावर फरक जेमतेम कळतो, परंतु यंत्राच्या दृष्टीने तो शब्दच दुसरा ठरतो. असे शीर्षक साठवले, तर योग्य विसर्ग देऊन शोधणाऱ्याला ते पुस्तक सहसा सापडत नाही. शिवाय कोलन दिसला, की तिथे मुख्य शीर्षक संपले आणि उपशीर्षक सुरू झाले, असा समज करून घेणाऱ्या प्रणाली असतात. त्यांच्या लेखी शीर्षक ‘दु’पाशीच संपते. पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये केला. तेव्हापासून संदर्भसूचीचा वाचक माणसाइतकाच संगणकही आहे.

आद्याक्षरांचेही असेच. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीत वाक्य संपल्यावर जागा थोडी वाढते. मात्र पूर्णविरामाआधी कॅपिटल अक्षर असेल, तर ते नावाचे आद्याक्षर समजून जागा वाढवली जात नाही. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही. साहजिकच मूळ नियमानुसार ‘पु. ल.’मधल्या प्रत्येक टिंबाला वाक्य संपल्याचा मान मिळतो. ‘लाटेक’च्या नेहमीच्या संदर्भसूचीत हा नियम बंदच ठेवलेला असतो, कारण तिथे आद्याक्षरांची गर्दी असते. प्रबंधाच्या मजकुरात मात्र तो चालू राहतो.

यावर उपाय अवघड नाही. शैलीची फाइल साध्या मजकुराची असते. तिच्यात कोलनच्या आधी न तुटणारी स्पेस घातली, की संपूर्ण यादी एकदम सुधारते. प्रत्यक्षात बहुतेकजण वर्डमध्ये एकेक जागा हाताने दुरुस्त करत बसतात. पुढच्या वेळी प्रणालीने यादी ताजी केली, की ही मेहनत पुसली जाते, आणि तीही कोणतीही पूर्वसूचना न देता. हातानेच बदल करायचे असतील, तर प्रबंधाची वेगळी प्रत काढून, तिचा प्रणालीशी असलेला दुवा तोडून, सर्वांत शेवटी करावेत.