म्हातारपण कोणाच्या वाट्याला?

पुण्याहून नगर रस्त्याने निघालात की शिक्रापूरच्या अलीकडे सणसवाडी लागते. एकेकाळचे हे शेतीचे गाव आता कारखान्यांचे झाले आहे. तिथल्या एका फिटरचा मुलगा माझ्या बारावीच्या वर्गात होता. एन्ट्रॉपीचा पाठ चालू असताना तो उठला आणि म्हणाला, "सर, बेअरिंग झिजले की वडील नवे बसवतात, यंत्र पुन्हा पहिल्यासारखे चालते. मग माझ्या आजीचे शरीर स्वतःची दुरुस्ती का करीत नाही?"

तास संपत आला होता. मी म्हटले, "एन्ट्रॉपी वाढतच जाते, हा सृष्टीचा नियम आहे." मुलगा खाली बसला. पण मी चूक सांगितले होते, आणि ते मला वर्गाबाहेर पडता पडताच कळले.

तो नियम बाहेरच्या जगाशी काहीही देवघेव न करणाऱ्या वस्तूला लागू पडतो. आपण तर रोज भाकरी खातो, श्वास घेतो, उष्णता बाहेर टाकतो. त्या ऊर्जेवर पेशी बिघडलेली प्रथिने मोडतात आणि नवी घडवतात. ही दुरुस्ती चालू ठेवायला भौतिकीची काहीच हरकत नाही. घरातला उंदीर फार तर तीन-चार वर्षे जगतो; त्याच्याच आकाराची काही वटवाघळे तीस वर्षांहून अधिक जगतात. दोघांचे रक्त उष्ण, दोघांचे रसायनशास्त्र एकच. मग हा दसपट फरक आला कोठून?

याचा धागा मातीतल्या एका कृमीने दिला. त्याचे नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, आयुष्य दोन-तीन आठवडे. १९९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत सिंथिया केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, डॅफ-२ या एकाच जनुकात बदल झालेले कृमी दुपटीहून अधिक जगतात, आणि तेही बराच काळ चपळ राहून! १९९७ मध्ये या जनुकाचे काम कळले. ते इन्शुलिनसारख्या संदेशाचा ग्राही, म्हणजे संदेश टिपून घेणारे प्रथिन, तयार करते. 'अन्न भरपूर आहे, वाढा' हा तो संदेश. तो मंदावला की पेशी दुरुस्तीची आणि बचावाची जनुके जोरात चालवते. म्हणजे दुरुस्तीवर किती खर्चायचे हे ठरलेले असते. ते बदलताही येते. (याच बातम्यांच्या जोरावर चिरतारुण्याच्या गोळ्या विकणारे पुष्कळ निघाले. कृमी म्हणजे माणूस नव्हे, एवढे ध्यानात ठेवा.)

आता त्याहून लहान जीव घेऊ. इ. कोलाय हा जीवाणू मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. यात आई कोण आणि लेक कोण? म्हणून जीवाणूला म्हातारपण नाही, असेच समजत. परंतु दोन्ही पेशींना एक टोक नवे मिळते आणि एक जुने. २००५ साली पॅरिसमध्ये एरिक स्ट्युअर्ट व सहकाऱ्यांनी पस्तीस हजारांवर पेशींचा माग काढला. जुने टोक पिढ्यान्पिढ्या ज्यांच्याकडे येत गेले, त्या पेशींची वाढ मंदावत गेली.

इथे आपले पुणे येते. कर्वे रस्त्यावरच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मिलिंद वाटवे, श्वेता परब, प्राजक्ता जोगदंड आणि सरिता केणी यांनी या प्रश्नावर गणित मांडले. महागडे यंत्र नाही, फक्त मॅट्रिक्स! त्यांचा निबंध २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यांचा विचार गावाकडच्या वाटणीने समजेल. बापाचे कर्ज दोघा भावांनी निम्मे निम्मे घेतले, तर दोघेही बेताने चालतात. थोरल्याने सगळे उचलले, तर तो खचतो, पण धाकट्याचा सातबारा कोरा होतो आणि तो झपाट्याने पुढे जातो. पेशीतले बिघडलेले भाग म्हणजे हे कर्ज. गणिताने असे दिसले की, असमान वाटणीत वाढीचा वेग जास्त मिळतो. समान वाटणी व दुरुस्ती यांत तेवढ्याच अन्नातून उत्पन्न जास्त निघते. तेव्हा जीवाणूचे म्हातारपण अटळ नसावे; परिस्थितीप्रमाणे निवडलेली ती एक चाल असावी.

२०१० मध्ये अमेरिकेत अरुंद नळ्यांत जुन्या टोकाच्या पेशी अडकवून, त्यांना सतत ताजे अन्न देऊन पाहिले. सुमारे दोनशे पिढ्या झाल्या तरी त्यांच्या वाढीचा वेग घटला नाही! 'अटळ नाही' याला यातून बळ मिळाले. पण वाटणी नेमकी केव्हा कशी होते, हा वाद अजून मिटलेला नाही.

पुढच्या तासाला मी हे सारे वर्गात सांगितले आणि आधीचे उत्तर मागे घेतले. तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तिशीतल्या आईचे बाळ शून्यापासून सुरू होते. म्हणजे आजी थोरली आणि आम्ही धाकटे?"

मी फळ्यावर दोन पेशी काढल्या, एक शरीराची आणि एक बीजाची, आणि वर्गाला विचारले, "यातले कर्ज कोणाकडे?"