दोन-तीनची खोड

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या आमच्या गड्याने संघ सोडला. आम्ही भिडायचो ते कॉम्प्युटरवर, ‘बझरबीटर’ नावाच्या बास्केटबॉल मॅनेजरच्या खेळात. २००७ साली सुरू झालेला हा खेळ. त्यात मालकही आपण आणि प्रशिक्षकही आपणच. खेळाडू विकत घ्यायचे, घडवायचे आणि मंगळवारी-शनिवारी लीगचा सामना सुरू होण्याआधी चाल लावून ठेवायची. एकदा सामना सुरू झाला की आपले हात बांधलेले. गड्याचा निरोपाचा मेसेज दोन ओळींचा होता : ‘साहेब, आता मजा राहिली नाही. तुमचा झोन सांभाळा.’

हा टोमणा जुना आहे.

शाळा-कॉलेजची वर्षं झटकन उरकतो, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सिमेंटचं कोर्ट, वाकलेली रिंग आणि सरांचा एकच मंत्र, ‘आपापला माणूस धरा.’ मॅन टू मॅन म्हणजे तेवढंच. वाटणीला आलेला माणूस जाईल तिथे आपण जायचं. झोनमध्ये वाटणीला जागा येते. पुढे दोन, मागे तीन. आपल्या अंगणात जो शिरेल त्याला अडवायचं. सरांच्या लेखी झोन म्हणजे पळण्याचा कंटाळा. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनेही १९४७च्या जानेवारीत झोनवर बंदी घातली होती, कारण रिंगखाली गर्दी झाली की बास्केट होईनात आणि तिकीट काढून आलेले लोक कंटाळू लागले. ती बंदी २००१-०२च्या हंगामात उठली. उठवतानाही बचाव करणाऱ्याने कुणाला न धरता रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त रेंगाळायचं नाही, अशी पाचर मारून ठेवलीच.

मला झोनचं वेड लागलं ते २००३ साली. सिरॅक्यूज विद्यापीठाचे जिम बोहाइम वर्षानुवर्षं २-३ झोनच खेळवत. त्या वर्षीच्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध शेवटचे काही क्षण उरलेले, सिरॅक्यूज तीन गुणांनी पुढे. २-३चा दुबळा भाग म्हणजे कोपरा, आणि नेमका तिथेच कॅन्ससचा मायकेल ली मोकळा. त्याने तीन गुणांचा शॉट उचलला आणि मागच्या रांगेतून हकीम वॉरिक लांबच लांब हात करून धावत आला, चेंडू बाहेर भिरकावला. ८१-७८. त्या एका हाताने पुढे माझे कितीतरी शनिवार बुडवले.

कारण २००८ साली मी बझरबीटरमध्ये शिरलो तो वॉरिकला डोक्यात घेऊनच. तिथे खेळाडूचं कौशल्य शब्दांत लिहिलेलं असे. ‘ॲट्रोशस’ म्हणजे तळ, ‘लेजेंडरी’ म्हणजे विसावी पायरी. माझा सगळा पैसा उंच माणसांवर गेला. गार्ड स्वस्तातले, बाहेरच्या बचावात ‘इनेप्ट’. या खेळात २-३ लावलं की रिंगखालचा बचाव घट्ट होतो आणि बाहेरचा सैल पडतो. ३-२ लावलं की उलट. मॅन टू मॅन कुणाला काही देत नाही, कुणाचं काही काढून घेत नाही. म्हणजे माझी आतली बाजू आधीच भक्कम, आणि मी तिथेच आणखी माती लिंपत होतो. गडी म्हणायचा, ‘ज्याच्या ताटात पुरणपोळी, त्यालाच तुम्ही तूप वाढताय.’

(आणखी एक गंमत. खऱ्या कोर्टावर झोनमध्ये रिबाउंड निसटतात, कारण रेटून धरायला ठरलेला माणूस समोर नसतो. इथे मात्र २-३ लावलं की रिबाउंड वाढायचे. मला ते खटकायचं, पण फायद्याचं होतं म्हणून गप्प बसलो.)

तरी खेळातली माझी पहिली दहा वर्षं सोन्याची होती. समोरचा आत खेळणार की बाहेर, हे ओळखण्यासाठी त्याचे जुने सामने चाळायचे, वहीत रेघा मारायच्या. एका हंगामात आमचा दोघांचा अंतिम सामना ठरला. गडी सलग अकरा सामने ‘लुक इनसाइड’, म्हणजे आतूनच, खेळला होता. मी वही मिटली, २-३ लावलं, वर ‘क्रंच टाइम’ची मात्रा दिली, म्हणजे संघाचा सगळा उत्साह त्या एका रात्रीवर लावला. सामना सुरू झाला आणि पडद्यावर ओळी उमटू लागल्या. डावा कोपरा, तीन गुण. उजवा कोपरा, तीन गुण. पुन्हा डावा. पठ्ठ्या ‘मोशन’, म्हणजे बाहेरून, खेळत होता. माझे दोन सेंटर रिंगखाली पाहुण्यांची वाट बघत उभे, आणि पाहुणे अंगणातूनच दगड मारतायत. चार गुणांनी हरलो. पाच मिनिटांत त्याचा मेसेज : ‘अकरा सामने तुमच्यासाठीच आत खेळलो, साहेब.’

पुढचा हंगाम, पूर्ण चौदा आठवडे, मी गार्डना फक्त बाहेरचा बचाव शिकवला आणि निमूट मॅन टू मॅन लावू लागलो. जिंकू लागलो. गड्याला हे कधी कबूल केलं नाही. तो विचारायचा, ‘झोन सोडला का?’ मी म्हणायचो, ‘मोठ्या सामन्यासाठी राखून ठेवलाय.’

खऱ्या कोर्टाने अधूनमधून माझी बाजू घेतली. २०११ साली अमेरिकेतल्या त्याच लीगच्या अंतिम मालिकेत डॅलसने मायामीला मधूनमधून झोन दाखवत ४-२ने हरवलं, तेव्हा गड्याला मी आठवडाभर पिडलं. मग ३ जून २०१९ची पहाट, पुन्हा अंतिम मालिका. टोरांटोने स्टेफन करीसमोर ‘बॉक्स अँड वन’ उभा केला. चौघं झोनमध्ये आणि पाचवा एकट्या करीच्या पाठीशी सावलीसारखा. चार मी आणि एक गडी! तो सामना टोरांटो हरलं, मालिका मात्र जिंकलं. गड्याने लिहिलं, ‘शाळेतल्या पोरांचे धंदे.’ मला वाटतं, मनातून त्यालाही आवडलं असावं.

आता तिकडचे संघ चोवीस सेकंदांच्या एकाच चढाईत झोनने सुरुवात करून मॅन टू मॅनवर संपवतात. आणि आमच्या लीगमधली नवी मंडळी समोरच्याचे तीस सामने स्प्रेडशीटमध्ये ओततात आणि जे उत्तर बाहेर पडेल ते लावून मोकळी होतात. चुकले तरी स्प्रेडशीट चुकलं, आपण नाही. अकरा सामने खोटं खेळून बाराव्याला गळा धरायची खुमखुमी कुणात नाही. मध्यंतरी एकाने मला कळवळून समजावलं, ‘काका, २-३चं गणित बसत नाही.’ गणित बसत नाही हे मला त्याच्या जन्माआधीपासून नसलं, तरी त्याच्या दहावीआधीपासून माहीत आहे.

मालक निघून गेला की त्याचा संघ कॉम्प्युटर चालवतो, त्याला आम्ही बॉट म्हणतो. येत्या शनिवारी माझा सामना गड्याच्या संघाशी आहे. नाव तेच, जर्सी तीच, पलीकडे कुणी नाही. मी २-३ लावलंय.